गिझर किती लिटरचा? घोडबंदर रोडवरच्या एका घराच्या कामाच्या नोंदी

जागा: घोडबंदर रोड, ठाणे. २४ मजली इमारत, ९वा मजला, दोन बेडरूम, दोन बाथरूम.
माणसं: पाच. आजी-आजोबा, नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी.
सध्या: बाहेरच्या बाथरूममध्ये १५ लिटरचा ९ वर्षं जुना गिझर, आतल्या बाथरूममध्ये ३ लिटरचा ३ किलोवॉटचा इन्स्टंट.
तक्रार: बाहेर तिसऱ्या माणसाला कोमट पाणी, आत शॉवर घेताच येत नाही.
मागणी: दोन्हीकडे २५ लिटर, स्वयंपाकघरात सिंकवर एक नवा इन्स्टंट.

१७ नोव्हेंबर, सकाळी ५.३० ते ८

आज फक्त मापं. दुकानात "माणसं किती?" एवढंच विचारतात आणि चार म्हटलं की २५ लिटरवर बोट ठेवतात. माणसांच्या आकड्यावरून लिटर कळत नाहीत. एका अंघोळीत किती पाणी लागतं, ते किती गरम हवं आणि पुढच्या अंघोळीपर्यंत किती मिनिटं मिळतात, या तीन गोष्टी लिहून घेतल्या.

घरातली बादली २० लिटरची असली तरी कोणी काठोकाठ भरत नाही. मापट्याने मोजल्यावर नेहमीची भर १८ लिटर निघाली. आजोबा ५.५० ला, दीड बादली, म्हणजे २७ लिटर. आजी ६.२० ला, तेवढंच. मुलगी ७ वाजता, हँड शॉवर, ८ मिनिटं. आतल्या बाथरूममध्ये नवरा ६.३० ला एक बादली (लोकल गाठायची असते), बायको ६.५५ ला शॉवर, ५ मिनिटं.

विसण घातल्यावर बादलीत थर्मामीटर बुडवला. आजी-आजोबांचं पाणी ४१ अंश, नवऱ्याचं ४०, दोघींच्या शॉवरचं ३९. बहुतेकांचं अंघोळीचं पाणी ३८ ते ४२ मध्येच बसतं. "मला कडकडीत लागतं" म्हणणाऱ्याचं पाणीसुद्धा क्वचितच ४३ च्या वर जातं.

सकाळी ६ वाजता नळाचं गार पाणी २६ अंश. गच्चीवरची टाकी काँक्रीटची असल्यामुळे पाणी हवेइतकं पटकन गार होत नाही, पण थंडीत हा आकडा खाली येणार. हिशेब २० अंशांवर करायचा. नोव्हेंबरच्या पाण्यावर निवडलेला गिझर जानेवारीत दगा देतो.

शॉवरचा वेग: बादलीत एक मिनिट सोडून मोजला, ८ लिटर.

१८ नोव्हेंबर

नवा घेण्याआधी जुन्याचं पाणी कुठे मुरतंय ते पाहिलं. बाहेरचा १५ लिटरचा गिझर पूर्ण तापवून बंद केला. गिझरच्या तोंडाशी गरम पाइप ६० अंश, बादलीच्या नळाला मात्र ४७. तेरा अंश चार मीटर पाइपात जात नाहीत.

चाचणी साधी आहे. गिझरला गार पाणी देणारा अँगल कॉक बंद करायचा आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडायचा. गिझरमध्ये नवीन पाणी जात नाही, त्यामुळे नळ काही सेकंदांत बंद पडायला हवा. इथे तो मिनिटाला ३ लिटर वाहतच राहिला. गार पाणी दुसऱ्या वाटेने गरम लाइनीत शिरत होतं.

वाट सापडली हँड शॉवरच्या डायव्हर्टरमध्ये, म्हणजे पाणी शॉवरकडे वळवणाऱ्या भिंतीवरच्या खटक्यात. शॉवरचं पाणी हातातल्या खटक्याने बंद करून भिंतीवरचा खटका मधोमध उघडाच ठेवायची घरात सवय. मग आतल्या आत गरम आणि गार लाइन जोडल्या जातात, आणि गार बाजूचा दाब जास्त असल्याने ती गरम लाइनीत घुसते. खटका पूर्ण खाली केला, नळ थांबला. परत तापवून मोजलं: नळाला ५८ अंश.

उपाय दोन. भिंतीवरचा खटका नेहमी बंद करण्याची सवय, किंवा डायव्हर्टरच्या दोन्ही तोंडांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे). पाच माणसांच्या घरात सवयीवर विसंबण्यात अर्थ नाही, व्हॉल्व्ह लावायचे ठरलं. "गिझर लहान पडतोय" ही तक्रार आली की आधी हीच चाचणी करावी. यात खर्च शून्य आहे.

त्यानंतर जुन्याची खरी क्षमता मोजली: १५ लिटरपैकी ११ लिटर ५० अंशांच्या वर आलं, मग एकदम घसरलं. टाकीत तळाशी गार पाणी शिरत असतं आणि वरून गरम निघत असतं, त्यामुळे उभ्या गिझरचं ७५ ते ८० टक्के पाणीच कामाचं धरायचं.

२० नोव्हेंबर: विसणाचं गणित

गिझरमधलं पाणी कोणी तसंच अंगावर घेत नाही, म्हणून हिशेब विसणाचा आहे:

गरम पाणी = अंघोळीचं एकूण पाणी × (अंघोळीचं तापमान − नळाचं तापमान) ÷ (गिझरचं तापमान − नळाचं तापमान)

गिझर ६०, नळ २०. आजोबांचे २७ लिटर ४१ अंशांना: २७ × २१ ÷ ४० = १४.२ लिटर गरम पाणी. आजींचं तेवढंच. मुलीचा शॉवर मिनिटाला ८ लिटर, ८ मिनिटं, म्हणजे ६४ लिटर ३९ अंशांना: ६४ × १९ ÷ ४० = ३०.४ लिटर. आत नवऱ्याचे १८ लिटर ४० अंशांना म्हणजे ९ लिटर, बायकोचा ४० लिटरचा शॉवर म्हणजे १९ लिटर.

दुसरी बाजू, गिझर पाणी किती वेगाने तापवतो. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणून लिटर गुणिले अंश भागिले ८६० केलं की युनिटं मिळतात. २५ लिटर २० वरून ६० ला: २५ × ४० ÷ ८६० = १.१६ युनिट, २ किलोवॉटच्या कॉइलला सुमारे ३५ मिनिटं. उलट धरलं तर २ किलोवॉटची कॉइल मिनिटाला ०.७२ लिटर पाणी २० वरून ६० ला नेते. १५ लिटर असो की ५०, कॉइल २ किलोवॉटचीच असेल तर हा वेग तोच राहतो. मोठी टाकी म्हणजे मोठा साठा, जास्त वेग नव्हे. हे ध्यानात न आल्यामुळे लोक लिटर वाढवत बसतात आणि मधली मिनिटं मोजत नाहीत.

बाहेरचं बाथरूम, २५ लिटर धरून: आजोबांनी १४.२ लिटर काढलं की ते भरून यायला २० मिनिटं. आजी ३० मिनिटांनी येतात, गिझर तयार. आजींनंतर मुलगी ४० मिनिटांनी, परत तयार. अडचण फक्त मुलीच्या शॉवरची. कामाचं पाणी २० लिटर, शॉवर चालू असताना कॉइल ८ मिनिटांत ५.७ लिटर आणखी तापवेल, पण ते वाहत्या गार पाण्यात मिसळतं म्हणून निम्मंच, २.९, धरलं. मिळतात २२.९, हवेत ३०.४. शेवटची दोन मिनिटं कोमट.

म्हणजे बाहेर ३५ लिटरचा लागतो, आणि तो फक्त एका शॉवरसाठी. आत १५ लिटरचे कामाचे १२ अधिक १.८ म्हणजे १३.८, हवेत १९. तिथेही २५ लिटरकडे जावं लागतं.

याऐवजी शॉवरच्या नळीत मिनिटाला ६ लिटरचा फ्लो रिस्ट्रिक्टर टाकला तर? नाण्याएवढी प्लास्टिकची चकती, वॉशरच्या जागी बसते. मुलीचे ४८ लिटर, गरम २२.८. गिझर देतो २२.९. आत बायकोचे ३० लिटर, गरम १४.२५, तर गिझर देतो १३.८, अर्धा लिटर कमी. आतला थर्मोस्टॅट ६५ ला ठेवला तर गरज १२.७ वर येते आणि मिळतात १३.६. जमतं.

घरच्यांना चालतंय का हे महत्त्वाचं. एक चकती आणून आजच लावून बघितली. या मजल्यावर दाब चांगला असल्याने ६ लिटरलाही धार अंगाला लागते. मुलीने उद्या सांगते म्हटलं.

२१ नोव्हेंबर

मुलीचा होकार. ३५ अधिक २५ वरून २५ अधिक १५ वर आलो.

एक प्रश्न आजींचा, आणि तो बरोबर होता: नरक चतुर्दशीला काय? अभ्यंगस्नान म्हणजे पहाटे सगळे एकापाठोपाठ, तेल-उटणं काढायला पाणीही जास्त. माणशी ४० लिटर ४० अंशांना धरलं. पण दिवाळीत नळाचं पाणी २६ अंश असतं: ४० × १४ ÷ ३४ = १६.५ लिटर गरम. ते भरून यायला २० मिनिटं. बाहेरच्या बाथरूममध्ये तीन माणसं, साठ मिनिटांत सगळी मोकळी. आत १५ लिटरला मात्र दुसरी बादली लावण्याआधी पाच-सहा मिनिटं थांबावं लागेल. वर्षातल्या एका पहाटेसाठी १० लिटर वाढवायचे नाहीत, असं ठरलं. तोवर उटणं वाळतंय.

२२ नोव्हेंबर: काय नाकारलं

आतला इन्स्टंट. ३ किलोवॉट मिनिटाला एक लिटर पाणी ४३ अंशांनी वाढवू शकतं, म्हणून ४३ भागिले मिनिटाचे लिटर केलं की तापमान किती वाढेल ते कळतं. ८ लिटरच्या शॉवरला ५.४ अंश. २० चं पाणी २५ होतं, त्याला गरम म्हणत नाहीत. बादलीला तो चालतो, पण २० अंश वाढवायचे तर मिनिटाला २.१५ लिटरची धार, १८ लिटरची बादली भरायला सव्वाआठ मिनिटांच्या वर. ४.५ किलोवॉट घेतला तर ४३ च्या जागी ६४ येतात आणि प्रवाह १९.६ अँपिअर, १६ अँपिअरच्या पॉइंटवर तो लावायचाच नाही.

दोन्ही बाथरूमना मिळून एक ५० लिटर. टाकी तापायला ७० मिनिटं. शिवाय आतल्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिकचा) पाइप ११ मीटर. त्यात मीटरला पाव लिटर, म्हणजे प्रत्येक अंघोळीआधी पावणेतीन लिटर गार झालेलं पाणी ओतून द्यायचं. गिझर वापराच्या जागेपासून जवळ असावा, याचा हाच अर्थ. अर्ध्या इंची पाइपला हा तोटा मीटरला १२० मिलीलिटर.

गॅस गिझर. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आहे. मिनिटाला ६ लिटर २५ अंशांनी वाढवायला साडेदहा किलोवॉट लागतात, आणि गॅसला ते सहज जमतं. पाणी संपत नाही. पण जागा एकच, सुकी बाल्कनी, तिथून बाहेरच्या बाथरूमला ९ मीटर पाइप, पुन्हा सव्वादोन लिटर वाया. बाथरूममध्ये तर तो लावायचाच नाही: खिडकी डक्टमध्ये (पाइप जातात त्या बंदिस्त उभ्या जागेत) उघडते, बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. आणि एलपीजीचा गिझर पाइपच्या गॅसवर लावता येत नाही, दाब आणि नोझल वेगळे असतात.

सौर. या गच्चीवर सौर पाणीतापक आहेत, पण गरम लाइन वरच्या काही मजल्यांपर्यंतच येते. ९व्या मजल्याचा विषय तिथेच संपला.

स्वयंपाकघरातला इन्स्टंट. सकाळी दोन गिझर ४ किलोवॉट, इंडक्शन २, त्यात हा ३: एकूण ९ किलोवॉट, ३९ अँपिअर. मुख्य एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) ४० ची. नको.

२४ नोव्हेंबर: दाब

टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे १ बार (दाबाचं एकक). ९व्या मजल्याच्या वर १५ मजले, ३ मीटरप्रमाणे ४५, टाकी धरून ४८ मीटर, म्हणजे ४.७ बार. डक्टमध्ये प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारा) आहे. दिवसा गेजवर २.८ बार. कमाल दाब धरून ठेवणारा काटा असलेला गेज रात्रभर लावला: ४.६.

वापर चालू असताना दाब नीट आणि सगळे झोपल्यावर चढतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या जागी) कचरा बसलाय आणि पाणी झिरपून पुढे जातंय. सोसायटीच्या प्लंबरला दाखवलं. जाळी आणि सीट साफ केल्यावर रात्रीचा आकडा ३.१.

गिझरवर ६.५ बार किंवा ८ बार असं लिहिलेलं असतं. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर व्हॉल्व्ह बिघडला तर ६.८ बार येईल. टॉवरमध्ये ८ बारच घ्यायचा, फरकाच्या पैशांत टाकी फुटण्याची काळजी मिटते.

२५ नोव्हेंबर: पाणी

महापालिकेचं पाणी धरणाचं, मऊ. प्रश्न एप्रिल-मेचा. या रस्त्यावरच्या बऱ्याच सोसायट्यांना तेव्हा टँकर लागतो आणि टँकरचं पाणी बहुधा बोअरवेलचं. जुन्या गिझरची कॉइल काढून बघितली तर तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचा पांढरट थर होता. तो थर उष्णता अडवतो, कॉइल आतून जास्त तापते आणि एक दिवस जाते. त्याआधी तापताना कुरकुर, उकळल्यासारखा आवाज येतो, तेच निदान.

टीडीएस मीटरवरून (पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मोजणारा) पाणी जड आहे का हे थेट कळत नाही, मीठही त्यात मोजलं जातं. जडपणा बघायचा तर हार्डनेसची पट्टी.

जुन्या गिझरचा मॅग्नेशिअम अ‍ॅनोड रॉड पूर्ण संपलेला, आतली तार उरली होती. रॉड स्वतः झिजून टाकीचा गंज थांबवतो. तो संपला की टाकीची पाळी. तळाशी गंजाचा ओघळ दिसतोच आहे. जुना गिझर आत हलवायचा विचार होता, तो सोडला.

२७ नोव्हेंबर: वायर

दोन्हीकडे २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) सरळ आलेली. २ किलोवॉटला ८.७ अँपिअर, निवांत चालेल. एमसीबी मात्र एकीकडे ३२ ची सापडली. ती वायरला वाचवत नाही. १६ ची लावायची.

आतला १६ अँपिअरचा सॉकेट तपकिरी झालेला. इन्स्टंट १३ अँपिअर ओढायचा, मागचा स्क्रू सैल, सैल जोडणी तापते, तापली की आणखी सैल होते. वायरचं टोक काळं पडलेलं दोन इंच कापून टाकायचं, सॉकेटच्या जागी २० अँपिअरचा डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), दिवा असलेला, बाथरूमच्या बाहेर.

आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअर, टेस्ट बटणावर पडली. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १.८ व्होल्ट. पाचाच्या वर असता तर आधी अर्थिंगच शोधावं लागलं असतं.

३० नोव्हेंबर: यादी

२५ लिटर उभा, २ किलोवॉट, ८ बार, आतून काचेचं अस्तर, इन्कोलॉय (गंज न धरणाऱ्या मिश्रधातूची) कॉइल, मॅग्नेशिअम अ‍ॅनोड, आयएस २०८२ चा आयएसआय मार्क. १५ लिटर, तसाच. सेफ्टी व्हॉल्व्ह दोन, ८ बारचे (गिझरबरोबर येतात, खोक्यात आहेत ना ते दुकानातच बघावं). अर्ध्या इंची अँगल कॉक ४, विणलेल्या कनेक्शन नळ्या ४, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह २, फ्लो रिस्ट्रिक्टर २, टेफलॉन टेप, १० मिमी फास्टनर, एम८ आरपार बोल्ट आणि ७५ × ७५ × ५ मिमी लोखंडी पट्ट्या, एमसीबी २, डबल पोल स्विच २.

स्टारबद्दल: लेबलवरचे तारे टाकी किती उष्णता गमावते एवढंच सांगतात. पाणी तापवायला लागणारी वीज एक तारा असो की पाच, जवळपास तीच. सकाळी तासभर लावून बंद करणाऱ्या घराला ताऱ्यांचा फायदा थोडा, दिवसभर चालू ठेवणाऱ्याला जास्त.

दुकानदाराने बाहेरच्या बाथरूमसाठी आडवा सुचवला, फॉल्स सीलिंगमध्ये लपतो म्हणून. आडव्या टाकीत गरम आणि गार पाण्याचा सांधा लांब पसरतो, दोन्ही लवकर मिसळतात, त्याच २५ लिटरमधून कमी गरम पाणी मिळतं. आपला हिशेब एक दशांश लिटरवर उभा आहे. उभाच.

६ डिसेंबर: बसवणं

बाहेरची भिंत आरसीसी. पाण्यासकट वजन सुमारे ३६ किलो, १० मिमी फास्टनरला काहीच नाही. अशा अख्ख्या काँक्रीटच्या भिंतींत विजेचे पाइप ओततानाच टाकलेले असतात, म्हणून स्विचच्या सरळ वर-खाली ड्रिल चालवायचं नाही. डिटेक्टर फिरवून मग भोकं.

आतली भिंत चार इंची हलक्या ब्लॉकची. तिच्यात साधा फास्टनर घट्ट होतो असं वाटतं, महिनाभरात ब्लॉकचा भुगा होऊन सुटतो. आरपार बोल्ट टाकले, पलीकडे बेडरूमच्या कपाटामागे पट्ट्या. १५ लिटर इथे आणखी एका कारणाने बरा ठरला.

गिझरखाली ४० सेंटिमीटर मोकळे ठेवले. कॉइल आणि रॉड खालून निघतात, जागा नसेल तर सर्व्हिसला अख्खा गिझर उतरवावा लागतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह गार पाण्याच्या तोंडाला, बाण गिझरकडे. त्याच्या आणि टाकीच्या मध्ये कोणताही कॉक नाही. त्याच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावून उताराने जाळीपर्यंत नेली, तोंड उघडं.

मग गरम नळ उघडा ठेवून टाकी भरली. नळातून हवा फुरफुरत येते, मग धार सलग होते. सलग झाल्यावरही मिनिटभर थांबून मगच स्विच. कोरडी कॉइल काही सेकंदांत जाते, आणि ती वॉरंटीत धरली जात नाही.

७ डिसेंबर: चाचणी

नळाचं पाणी २३ अंश. २५ लिटर ६० ला जायला हिशेबाने १.०८ युनिट. मीटरवर १.१२, वेळ ३६ मिनिटं. व्होल्टेज २२२ होतं: २००० वॉटची कॉइल २३० व्होल्टला २००० असते, २२२ ला १८६३. सकाळी व्होल्टेज २१५ झालं तर १७५० च उरतात. तापायला वेळ लागतो, वीज तेवढीच जाते.

पाणी काढताना: २० लिटरपर्यंत ५५ च्या वर, २२ व्या लिटरला ४८, पंचविसाव्याला ३६.

रात्री १० ला ६० वर बंद केला, सकाळी ६ ला ५५. पाच अंश, म्हणजे ०.१५ युनिट. "रात्री तापवून ठेवलं तर वीज फुकट जाते" यात फार दम नाही. घड्याळ लावून पहाटे ५ ला चालू करणं मात्र सोपं, तसंच केलं.

अँगल कॉकची चाचणी परत: गरम नळ तीन सेकंदांत बंद. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह काम करताहेत.

११ डिसेंबर

फोन: गिझर गळतोय. गळत होती सेफ्टी व्हॉल्व्हची नळी, फक्त तापताना. पाणी २० वरून ६० ला गेलं की दीड टक्का फुगतं. २५ लिटरचे ३७५ मिलीलिटर. मागे जायला याच व्हॉल्व्हमधला नॉन-रिटर्न अडवतो, तेव्हा ते इथूनच बाहेर पडतं. तापताना एवढं ठीक. गिझर बंद असतानाही टपकत राहिलं तर दाब जास्त आहे किंवा सीटवर कचरा आहे. ही नळी दोऱ्याने बांधून किंवा बूच मारून बंद करायची नाही. थर्मोस्टॅट चिकटलेल्या दिवशी टाकीला दुसरी वाट उरत नाही. आजोबांनी नळीखाली तांब्या ठेवलाय, तो राहू द्या.

२१ डिसेंबर: वाशीची जोडनोंद

तुलनेसाठी एक घर. सिडकोची चार मजली इमारत, वरचा मजला, दोन म्हातारी माणसं. पाणी मोरबे धरणाचं, कॉइलवर थर नावाला. टाकीचं तोंड शॉवरच्या फक्त अडीच मीटर वर, दाब पाव बार, शॉवर मिनिटाला २.५ लिटर. इथे ३ किलोवॉटचा इन्स्टंट ४३ ÷ २.५, म्हणजे १७ अंश वाढवतो: २१ चे ३८. त्यांना २५ लिटर विकायला निघाले होते. इन्स्टंटच ठेवला, फक्त त्याला वेगळी वायर आणि डबल पोल स्विच. एवढ्या दाबावर साधा गॅस गिझर बहुधा पेटतही नाही, पाण्याच्या दाबाने उघडणारा त्याचा डायफ्रॅम हलत नाही.

घोडबंदरचा शॉवर आणि हा शॉवर यांच्यात तिपटीचा फरक आहे, माणसांच्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

१४ जानेवारी

सकाळी ६ ला नळाचं पाणी २०.५. हिशेबाच्या जवळ. बाहेर मुलीचा शॉवर ८ मिनिटं, शेवटी ३८. आत थर्मोस्टॅट ६५, बायकोचा शॉवर पूर्ण. ६५ अंशांचं पाणी दोन-तीन सेकंदांत भाजतं, म्हणून आतल्या गरम नळाला लाल खूण आणि आधी गार, मग गरम असा क्रम. नातवंडं राहायला आली तर ५५ वर आणायचा.

दोन्ही गिझर मिळून दिवसाला सरासरी ३.९ युनिट. हिशेब ३.५ पाण्याचे, उरलेले टाकीच्या उष्णतेचे.

एक दिवस पाहुण्यांमुळे मधली मिनिटं हुकली आणि आजींना कोमट मिळालं. गिझरात दोष नाही, ६.२० च्या जागी दोन माणसं ६ ला गेली.

२ फेब्रुवारी

थर्मोस्टॅट आत ६० वर आणला. बाकी: टँकर सुरू व्हायच्या आत हार्डनेसच्या पट्ट्या आणायच्या. जूनमध्ये, पाऊस लागल्यावर, बाहेरची कॉइल काढून थर बघायचा. असेल तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायची. अ‍ॅनोड रॉड पुढच्या डिसेंबरात, अर्ध्यापेक्षा बारीक झाला असेल तर बदली. डक्टमधल्या व्हॉल्व्हची जाळी सहा महिन्यांनी, सोसायटीच्या वहीत लिहून दिलं आहे.